आसनगावची पाटी आणि वर्णसंचावरून शब्दशोध

ठरावीक वर्ण दिले असता ते ज्यांत येतात असे इंग्रजी शब्द शोधून काढणे, हा प्रकार सामान्यतः करमणुकीच्या सदरात मोडतो. वृत्तपत्रांतील कोडी, स्क्रॅबलसारखे खेळ, शाळकरी मुलांच्या पैजा एवढ्यापुरतीच त्याची व्याप्ती आहे असे समजले जाते. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने त्यात वेळ का दवडावा, असा प्रश्न कोणी विचारल्यास ते स्वाभाविकच होय. तथापि अलीकडे आपले पुष्कळसे विद्यार्थी संहितांचा शोध संगणकाच्या साहाय्याने घेतात, आणि हा शोध म्हणजे याच खेळाचे मोठे रूप आहे. खेळाचे नियम इंग्रजी लेखनाच्या स्वभावातून निघालेले आहेत. ते मराठीस जसेच्या तसे लावले तर उत्तर मिळते, परंतु ते कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे हे कळत नाही. प्रस्तुत लेखात या मुद्द्याचा विचार करावयाचा आहे. उदाहरणे शक्यतो शहापूर आणि मुरबाड या परिसरातील स्थलनामांतून घेतली आहेत. रोमन वर्ण त्यांच्या नावांनी लिहिले आहेत, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

मध्य रेल्वेच्या कल्याण–कसारा मार्गावर आसनगाव हे स्थानक आहे. शहापूरला किंवा माहुली किल्ल्याकडे जाणारे उतारू येथेच उतरतात. फलाटावरील पाटीवर रोमन लिपीत ए-एस-ए-एन-जी-ए-ओ-एन असे आठ वर्ण आहेत. त्यांतील शेवटचे चार, म्हणजे जी, ए, ओ, एन, घेऊ आणि प्रश्न असा करू, की हे वर्ण असलेले इंग्रजी शब्द कोणते?

प्रश्न सरळ दिसतो, पण त्यात निदान चार निरनिराळे प्रश्न दडलेले आहेत. नेमके हेच चार वर्ण, कमी नाही जास्त नाही, असा शब्द हवा काय? तसे असेल तर 'गोवन', म्हणजे गोव्याचा, हे विशेषण मिळते. जी-ओ-ए-एन आणि जी-ए-ओ-एन यांत केवळ क्रमाचा भेद आहे. हे चार वर्ण असावेत, इतर कितीही असले तरी चालतील, असा अर्थ घेतल्यास शब्दांची झुंबड उडते: मँगो, वॅगन, ऑर्गन, ड्रॅगन, स्लोगन, ऑरेंज, कँगरू, डायग्नोसिस. ते याच क्रमाने यावेत पण मध्ये इतर वर्ण आले तरी चालेल, असा तिसरा अर्थ होतो. आणि याच क्रमाने सलग यावेत, हा चौथा. चौथ्या अर्थाने नित्याच्या इंग्रजी शब्दांत जवळजवळ काहीच हाती लागत नाही. फार तर तुरुंगाला ब्रिटिश लेखनात जी-ए-ओ-एल लिहीत असत, तो शेजारी म्हणून भेटतो. उलट आपल्या प्रांताच्या नकाशावर जळगाव, मालेगाव, शेगाव, खामगाव, चाळीसगाव, गोरेगाव आणि आसनगावच्या पुढचेच आटगाव अशी रांग लागते. सलगतेची अट घातली की इंग्रजी भाषा बाहेर पडते आणि महाराष्ट्र आत येतो.

आता दुसरा, म्हणजे समावेशाचा, अर्थ घेऊन प्रत्यक्ष शोध कसा करावयाचा ते पाहू. चार वर्णांच्या मांडण्या चोवीस होतात. आसनगाव या नावाच्या आठ वर्णांत ए तीनदा आणि एन दोनदा येत असल्याने त्यांच्या मांडण्या ३३६० भरतात. या साऱ्या मांडून पाहणे हा मार्ग नव्हे. जाणता मनुष्य प्रथम सर्वांत दुर्मीळ वर्ण पकडतो. इंग्रजी लेखनात ए या वर्णाचे प्रमाण शेकडा सुमारे आठ, तर जीचे सुमारे दोन आहे. म्हणून जीपासून आरंभ करावा. (मोर्सच्या संकेतलिपीत सर्वांत अधिक येणाऱ्या ई या वर्णास केवळ एक ठिपका मिळाला आहे, आणि स्क्रॅबलच्या शंभर ठोकळ्यांत ई बारा वेळा येतो, तर क्यू एकदाच येऊन दहा गुण देतो. दोहोंच्या मुळाशी हीच वारंवारतेची जाणीव आहे.) नंतर जीचे एनशी काय नाते जुळते ते पाहावे. येथे तीन वाटा फुटतात. एन आधी आणि जी लगेच नंतर, ही पहिली: मँगो, टँगो, अलाँग, अमंग, ऑरेंज. जी आधी आणि दोहोंमध्ये स्वर, ही दुसरी: वॅगन, ड्रॅगन, स्लोगन, ऑर्गन, ॲगनी. जीला लागूनच एन, ही तिसरी, आणि तीवर ग्रीक–लॅटिन मुळांचे शब्द भेटतात: डायग्नोसिस, ॲग्नॉस्टिक, मॅग्नोलिया. चोवीस मांडण्यांचे काम तीन वाटांत आटोपले, याचे कारण इंग्रजीची वर्णसंयोगव्यवस्था शोधणाऱ्याच्या अंगवळणी पडलेली असते. कोडे सोडविणारा नकळत भाषाशास्त्रच करीत असतो.

वर्गात हा प्रश्न मी अनेकदा घातला आहे. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांस मँगो, वॅगन, ड्रॅगन चटकन सुचतात. ऑरेंज मात्र बहुधा सुचत नाही, आणि सांगितल्यावर सारे हसतात. कारण उघड आहे. त्यांच्या मनात तो शब्द 'ज'च्या घरात राहतो, 'ग'च्या नव्हे. ते जी शोधीत नसून ग शोधीत असतात. वस्तुतः जी या एकाच चिन्हाखाली मँगोत ङ् नंतरचा ग्, अमंगमध्ये एनसह मिळून केवळ ङ्, आणि ऑरेंजमध्ये ज् असे निरनिराळे व्यवहार चालतात. विद्यार्थ्याची ही 'चूक' ध्वनीच्या बाजूने पाहता अगदी योग्य आहे. जाता जाता असेही म्हणावेसे वाटते, की ऑरेंज आपल्या नारंग शब्दाचा वंशज, मँगो दक्षिण भारतातून पोर्तुगीजांमार्फत गेलेला आणि कँगरू ऑस्ट्रेलियाच्या आदिवासी भाषेतला. वर्णसंच कोणाचे कूळ विचारीत नाही.

नेमके तेच वर्ण असलेले शब्द हुडकण्याची यंत्रास सोयीची युक्ती आणखी सोपी आहे. प्रत्येक शब्दाचे वर्ण वर्णमालेच्या क्रमाने लावून त्याची एक किल्ली बनवावयाची. लिसन या शब्दाची किल्ली ई-आय-एल-एन-एस-टी. सायलेंटची तीच, एन्लिस्टची तीच, टिन्सेलचीही तीच. कोशातील सर्व शब्द किल्लीनुसार लावले की सारखे वर्ण असलेले शब्द आपोआप एकत्र येतात. आपल्या परिसरातील उदाहरण घ्यावयाचे तर शहापूर तालुक्यातील तानसा तलावाचे घेता येईल. १८९२ पासून मुंबईस पाणी पुरविणाऱ्या या तलावाचे नाव रोमन लिपीत टी-ए-एन-एस-ए असे लिहितात. त्याच पाच वर्णांतून नाताळचा सांता होतो आणि त्याच पाच वर्णांतून सैतानही होतो. देवनागरीत तानसा, सांता आणि सैतान यांना एका किल्लीत कोंडणे शक्य नाही. लिसन आणि सायलेंट यांचे नातेही उच्चारात टिकत नाही. पहिल्यातील टी उच्चारलाच जात नाही, आणि आय पहिल्यात 'इ' तर दुसऱ्यात 'आय' असा वाचला जातो. म्हणजे हे नाते कागदावरचे आहे, कानावरचे नव्हे.

आपल्या परंपरेतही वर्णांचे संच करण्याचा छंद होता, किंबहुना त्याचे शास्त्रच होते. पाणिनीने अष्टाध्यायीच्या आरंभी चौदा सूत्रांत वर्ण अशा क्रमाने मांडले, की 'इक्' म्हटले की इ, उ, ऋ, लृ आणि 'यण्' म्हटले की य, व, र, ल एवढ्यांचा निर्देश व्हावा. हे संच उच्चारणाच्या व्यवहारासाठी केलेले आहेत. दण्डीच्या दशकुमारचरितातील सातव्या उच्छ्वासात मंत्रगुप्त आपली कथा एकही ओष्ठ्य वर्ण न वापरता सांगतो, कारण त्याचे ओठ दुखावलेले आहेत. प, फ, ब, भ, म वर्ज्य करण्याचे कारण शरीरातच आहे. याच्या शेजारी अर्नेस्ट व्हिन्सेंट राइट याची १९३९ मध्ये प्रसिद्ध झालेली 'गॅड्सबी' ही इंग्रजी कादंबरी ठेवावी. पन्नास हजारांहून अधिक शब्दांत ई हा वर्ण टाळण्याचा तिचा पण आहे. या पणात 'हॅव' चालत नाही, कारण त्याच्या शेवटी न उच्चारला जाणारा ई आहे. 'सेड' मात्र चालतो, कारण उच्चारात ए-कार असला तरी लेखनात ई नाही. दण्डी ओठांवर पहारा ठेवतो, राइट टंकलेखनयंत्राच्या एका कळीवर. श्रेष्ठ–कनिष्ठ ठरविण्याचा हेतू नाही. एकक निराळे आहे एवढेच दाखवावयाचे आहे.

हे एककाचे प्रकरण मराठीत किती गुंतागुंतीचे होते, ते आसनगाव या नावावरूनच पाहता येते. देवनागरीत अक्षरे मोजली तर आ, स, न, गा, व अशी पाच होतात. संगणक मात्र 'गा' हे एक अक्षर न मानता ग आणि काना असे दोन संकेत साठवितो, त्यामुळे त्याच्या लेखी सहा. उच्चार ऐकला तर आ, स्, अ, न्, ग्, आ, व् असे सात ध्वनी निघतात, कारण 'न'मधील आणि शेवटच्या 'व'मधील अकार आपण उच्चारीत नाही, आणि 'स'मधला उच्चारतो. रोमन पाटीवर वर्ण आठ. पाच, सहा, सात, आठ: एकाच गावाची ही चार मापे आहेत, आणि यांतील कोणतेही चुकीचे नाही. 'या नावात कोणते वर्ण आहेत' असे विचारणाऱ्याने आधी आपले माप सांगितले पाहिजे.

माप बदलले की शब्दांची नातीही बदलतात. कान आणि नाक हे दोन शब्द घ्या. अक्षरे पाहिली तर का, न हा एक संच आणि ना, क हा दुसरा, त्यांत काहीही समान नाही. संगणकाचे संकेत पाहिले तर दोन्हीकडे क, न आणि काना, म्हणजे पूर्ण समानता. ध्वनीही सारखेच. आज आणि जा यांचे तर याहून विलक्षण आहे. अक्षरे भिन्न, संकेतही भिन्न, कारण स्वतंत्र 'आ' आणि काना यांना युनिकोडमध्ये निरनिराळी स्थाने आहेत. ध्वनी मात्र तेच दोन, केवळ उलट क्रमाने. आपला कान सांगतो की हे एकमेकांचे उलटे शब्द आहेत, यंत्र सांगते की यांचा संबंध फक्त 'ज'पुरता. कमल आणि कलम यांच्यासारख्या साध्या जोड्या पाहून जो नियम बांधील, त्याची अशा ठिकाणी फसगत ठरलेली आहे.

रोमन बाजूची अडचण उलट दिशेची आहे. आसनगावच्या पाटीवरील तीन ए पैकी पहिला आ, दुसरा अ आणि तिसरा पुन्हा आ आहे. डी हा वर्ण शोधावयास गेल्यास मुरबाड, खर्डी, खडवली आणि वासिंद ही चारही नावे येतात. पण पहिल्या तिघांत ड आहे, वासिंदमध्ये द. एल शोधला तर खडवलीचा ल आणि टिटवाळ्याचा ळ एकाच टोपलीत पडतात. स्थलनामांच्या व्युत्पत्तीचा अभ्यास करणाऱ्यास ड–द आणि ल–ळ हे भेद म्हणजे हातातील मुख्य पुरावा असतो, आणि रोमन यादी तोच पुसून टाकते. एका बाबतीत मात्र रोमन पाटी देवनागरीपेक्षा उच्चाराला जवळ आहे, हे कबूल केले पाहिजे. 'न'नंतर तिने ए लिहिलेला नाही, आणि आपणही तेथे अकार उच्चारीत नाही. देवनागरी लेखनाला हे सांगण्याची सोय पाय मोडल्याखेरीज नाही.

या पाटीवरील सर्वांत बोलका वर्ण शेवटचा एन आहे. आज आपण 'गाव' लिहितो, उच्चारही प्रमाण भाषेत अनुनासिक नाही. मग हा एन कोठून आला? संस्कृत ग्राम, प्राकृत गाम, आणि मराठीत गांव अशी परंपरा आहे. मूळच्या मकाराची खूण अनुस्वाराच्या रूपाने राहिली होती, आणि मोल्सवर्थच्या कोशात, ज्याची दुसरी आवृत्ती १८५७ ची, हा शब्द टिंबासहच आहे. लोहमार्ग आसनगावास पोहोचला तो १८६० मध्ये, म्हणजे याच काळात. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनविषयक नियम १९६२ मध्ये शासनाने स्वीकारले, त्यांत व्युत्पत्तीने आलेले पण उच्चारात नसलेले अनुस्वार देऊ नयेत असे ठरले, आणि गांवचे टिंब गेले. रोमन लेखनाला हा नियम लागू नव्हता. त्यामुळे मराठीने सोडलेला अनुस्वार आसनगावच्या फलाटावर एन होऊन अद्याप उभा आहे. बेळगावच्या जुन्या इंग्रजी लेखनात याच जागी एम असे, आणि गुजरातीत तर आजही गामच म्हणतात. कोकणातील काही बोलींत तो अनुनासिक उच्चार अजून ऐकू येतो.

या टिंबानेच माझी एकदा चांगली फजिती केली होती. काही वर्षांपूर्वी संगणकावर चढविलेल्या जुन्या मराठी गद्याच्या एका संग्रहात 'गाव' या पदाने संपणारी ग्रामनामे मी शोधली. जुन्या मजकुरात ती आश्चर्य वाटावे इतकी थोडी निघाली. वाडी, पाडा, पूर ही पदे त्या मानाने भरपूर. त्यावरून 'गाव' हे अंत्यपद नामांत कसे उत्तरोत्तर रूढ होत गेले, असा एक अनुमानाचा डोलारा उभारून मी तो चर्चासत्रात वाचलाही. प्रश्नोत्तरांच्या वेळी शहापूरकडचा एक विद्यार्थी उठला आणि म्हणाला, "सर, आमच्या घरच्या जुन्या कागदांवर गावाच्या नावावर टिंब आहे. आजोबा अजूनही तसेच लिहितात." एवढ्याने सारे संपले. ग, काना, अनुस्वार, व या संकेतमालिकेत ग, काना, व ही मालिका सलग येत नाही. मी सलगतेची अट घालून शोध केला होता, आणि त्या अटीने १९६२ पूर्वीची बहुतेक गावे गिळली होती. भाषेचा इतिहास म्हणून मी जे वाचले, तो एका नियमाच्या अंमलबजावणीचा इतिहास होता. तो निबंध मी छापावयास दिला नाही.

आपल्याकडील प्रबंधांत आता अशा मोजण्या वारंवार दिसू लागल्या आहेत, आणि परीक्षक म्हणून मला त्यांतील आकड्यांपेक्षा शोधपद्धतीचे टिपण प्रथम पाहावेसे वाटते. बहुतेक वेळा ते टिपणच नसते. अमुक शब्द इतक्या वेळा आला, एवढेच असते. कोणते रूप टंकलिखित करून शोधले, टिंबाचे रूप निराळे शोधले की नाही, 'दुसऱ्या'मधील ऱ्याच्या दोन्ही संकेतरूपांचा विचार केला की नाही (पडद्यावर ती सारखीच दिसतात), 'बँक' आणि 'ब्यांक' एकत्र धरले की पृथक्, यांपैकी कशाचाही निर्देश नसतो. इंग्रजी संहितेत लिपिचिन्ह आणि संकेत एकच असल्यामुळे तेथील संशोधकास यांतील बरेचसे सांगावे लागत नाही. आपण त्यांच्या पद्धतीबरोबर त्यांचे मौनही उचलले आहे.

सध्या शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांतील ग्रामनामांची किल्लीवार सूची करण्याचे काम मी काही विद्यार्थ्यांसह हाती घेतले आहे. प्रत्येक नावाला आम्ही एक किल्ली न देता तीन देतो: अक्षरांची, संकेतांची आणि उच्चाराची. आसनगावची अक्षरकिल्ली आ, गा, न, व, स अशी होते. उच्चारकिल्लीसाठी नाव त्या गावच्या माणसाच्या तोंडून ऐकून लिहावे लागते, कारण कोणता अकार लोपतो आणि कोठे अनुनासिक राहतो हे कागदावरून सांगता येत नाही. रोमन लेखन चौथ्या रकान्यात केवळ नोंदीपुरते ठेवले आहे, आणि त्याच्या शेजारी रेल्वेचे संकेतही. आसनगावचा संकेत ए-एस-ओ असा आहे. ए-एस-एन का नाही, असे एकाने विचारले. तो आसनसोलचा आहे. खर्डीवर मात्र अद्याप मतभेद चालू आहे. तेथील रफार लेखनात ड-वर बसतो, उच्चारात आणि संकेतांत ड-च्या आधी येतो. अक्षरकिल्लीत ख आणि र्डी अशी दोनच अक्षरे धरावीत, की खर् आणि डी असे अवयव पाडावेत, हे ठरेपर्यंत ते नाव आम्ही पेन्सिलीने लिहून ठेवले आहे.